सातारा ते सांगली : तीन मांजरांसह घर हलवायचं आहे, तपशिलात सांगा

कंदीपेढा
मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बिऱ्हाड साताऱ्याहून सांगलीला हलणार आहे. आताचं घर शाहूपुरीत तळमजल्यावर, नवं विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर. मांजरं तीन : सहा वर्षांचा बोका (नसबंदी झालेला), त्याच वयाची भाटी आणि दहा महिन्यांचं अवखळ पिल्लू. मोठी दोघं दिवसभर अंगणात असतात. सामान टेम्पोने जाईल, मांजरं आमच्या गाडीतून. पिंजऱ्याची सवय एकालाही नाही, नव्या बाल्कनीला जाळी नाही. हाताशी पाच आठवडे आहेत. आधी काय करू, नंतर काय, ते क्रमाने सांगाल का?

हळदपेठ
पाच आठवडे पुष्कळ झाले, पण पिंजरे आजच आणा. तीन मांजरांना तीन. एकात दोन कोंबली तर घाबरलेलं मांजर शेजारच्यावर राग काढतं, आणि ते वैर नव्या घरातही पुढे चालू राहतं.

पिंजरा कडक प्लॅस्टिकचा घ्या, क्लिपा काढल्या की वरचा अर्धा भाग सुटा होणारा. चार-पाच किलोच्या मांजराला साधारण १९ इंच लांबीचा पुरतो. आत उभं राहून वळता आलं पाहिजे, हे खरं माप. बोका अंगाने मोठा असेल तर २२ इंची बघा. कापडी बॅगेची चेन पुष्कळ मांजरं नखाने आतून सरकवतात, त्यामुळे लांबच्या प्रवासाला ती नकोच.

पहिला आठवडा फक्त खालचा भाग, ती जिथे झोपतात तिथे ठेवा. आत त्यांचंच अंथरूण, न धुतलेलं. दुसऱ्या आठवड्यात वरचं झाकण बसवा आणि एका वेळचं खाणं आत द्या. मग दार लावून एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. चौथ्या आठवड्यात उचलून घरभर फिरवा, गाडीत ठेवून नुसतं इंजिन चालू करा, आणि सगळं सुरळीत असेल तर पोवई नाक्यापर्यंत एक फेरी मारून परत या. एखादी पायरी बिनसली तर एक पायरी मागे या. घाई केली की मांजर पिंजरा दिसताच पलंगाखाली जातं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

उचलताना नुसत्या मुठीवर भरवसा ठेवू नका, खालून एक हात हवाच. मूठ निसटून पिंजरा जिन्यात उघडणं हा नेहमीचा अपघात.

भडंग
"कुत्रं माणसाला, मांजर घराला" असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण घराला म्हणजे भिंतींना नव्हे, वासाला. मांजर गाल, हनुवटी आणि कपाळ दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला घासतं तेव्हा तिथे स्वतःची खूण सोडत असतं. त्या खुणांच्या जोरावर ते निर्धास्त असतं. नव्या घरात त्याची एकही खूण नसते, उलट रंग, फेविकॉल आणि आधीच्या भाडेकरूचा वास असतो. म्हणून मांजराआधी त्याचा वास तिथे पोचवायचा.

प्रत्येकासाठी एक स्वच्छ सुती फडकं घ्या. ते शांत असताना गालांवरून आणि हनुवटीखालून हलक्या हाताने फिरवा, दिवसातून दोनदा, आठवडाभर. किल्ल्या मिळाल्यावर हेच फडकं नव्या घरात मांजराच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर वर, दारांच्या चौकटींना आणि कोपऱ्यांना पुसा. तीन मांजरांची तीन फडकी वेगळी ठेवा.

आवराआवरीच्या भरात लोक सगळं धुऊन टाकतात : चादरी, मांजराची गादी, सोफ्याचे अभ्रे. मांजराचं काहीही धुऊ नका. ओरबाडायचा खांबही जुना, फाटका तसाच न्या. नवं सगळं महिन्याभराने.

आयर्विन
वरचं सगळं बरोबर. पण मांजर आणण्याआधी नव्या घराची झडती घ्यायला हवी, आणि ती फार कमी लोक घेतात. विश्रामबागेतला फ्लॅट ताब्यात आला की पहिलं काम काय होतं? बाई लावून फिनाईलने फरशी पुसून घेणं. तेच टाळायचं. मांजराच्या यकृताला फिनॉल फोडून बाहेर टाकता येत नाही. फरशीवरून पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं. पाइन तेलाचं पांढरं फिनाईलही नको. कपड्याच्या साबणाचं पाणी आणि वर दोनदा साधं पाणी, एवढ्याने भागतं. जंतुनाशक द्रवात बेन्झाल्कोनियम क्लोराईड असेल तर ओल्या फरशीवर मांजर सोडू नका, जिभेला फोड येतात.

कपाटांत, बेसिनच्या जाळीवर, न्हाणीघरात डांबरगोळ्या राहिलेल्या असतात. त्या वेचून घराबाहेर काढा. ओट्याखाली, फ्रिजच्या जागेमागे, माळ्यावर उंदराच्या औषधाच्या वड्या आहेत का ते टॉर्च घेऊन बघा. पेस्ट कंट्रोल करून घ्यायचा असेल तर फवारणीऐवजी जेल सांगा, आणि मांजरं यायच्या किमान आठवडाभर आधी. पर्मेथ्रीनसारखी औषधं कुत्र्याला चालतात, मांजराला झटके आणतात. रंग दिला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा.

आता भोकं. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांखालची पट्टी सुटी असेल तर मांजर पहिल्या रात्री तिथूनच आत जातं आणि भिंतीलगत बसतं. ट्रॉली जोरात ढकलली तर चेंगरतं. सध्या पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून बंद करा. न्हाणीघराच्या व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्या, एक्झॉस्ट फॅनची रिकामी चौकट, एसीच्या पाइपाचं भोक, पोटमाळ्याचं न लागणारं दार, सगळं बघा. हायड्रॉलिकचा पलंग असेल तर बंद करण्याआधी मांजरं मोजायची सवय लावा.

आणि वास्तुशांत मांजरं आणायच्या आधी उरकून घ्या. होमाचा धूर, गुरुजींची घंटा, चाळीस पाहुणे, सतत उघडं दार. नंतरच करायची झाली तर मांजरं त्या दिवशी कुलूपबंद खोलीत. पाहुण्यांनी आणलेल्या फुलांच्या बुकेमध्ये मोठी लिली असते. तिचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. तो बुके दारातूनच परत.

कासपठार
जाळीबद्दल लिहितो. तिसऱ्या मजल्यावर जाळीशिवाय मांजर एक दिवसही ठेवू नका. तोल सांभाळतं म्हणतात, पण कबुतरामागे झेप घेताना सांभाळत नाही.

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण भोक २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा मोठं नको. ५० मिलिमीटरच्या भोकात तुमच्या पिल्लाचं डोकं अडकू शकतं. हूक दर एक फुटावर मारून घ्या. माणसं दोन-दोन फुटांवर मारून मोकळी होतात, मग खालच्या कडेला फट पडते आणि मांजर नेमकं तिथूनच निघतं. खालची कड आधी तपासा. चावण्याची खोड असेल तर खालचे तीन फूट वेल्डेड जाळी लावा, एक इंच बाय एक इंच, जस्ताचा मुलामा असलेली. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, म्हणून दर पावसाळ्याआधी ओढून बघा.

खिडकीच्या ग्रिलच्या दोन गजांत चार इंच अंतर असतं, मांजर सहज जातं. वेल्क्रोने चिकटवलेली मच्छरदाणीची जाळी हा आडोसा नव्हे, एका धडकेत सुटते. सरकत्या चौकटीतली स्टीलची जाळी आणि तिला कडी, असं हवं.

कंदीपेढा
आयर्विन, फिनाईलचं अजिबात माहीत नव्हतं. उद्याच फोन करून थांबवते. जाळीवाल्याला एक फुटाचं सांगितलं तर म्हणतो खर्च वाढेल. वाढू दे. आता प्रवासाचं सांगा. पेठ नाक्यावरून जायचं आहे. डोस देऊन झोपवून नेतात म्हणे?

हळदपेठ
आधी हलवण्याचा दिवस. हमाल यायच्या आधी तिन्ही मांजरं एका रिकाम्या खोलीत किंवा न्हाणीघरात बंद करा. आत शी-शूचा ट्रे, पाणी, पिंजरे. दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी : "आत मांजरं आहेत, दार उघडू नये." हमालांना तोंडीही सांगा आणि किल्ली खिशात ठेवा. घर रिकामं झाल्यावर शेवटी मांजरं निघतील. नव्या घरी एक माणूस आधी पोचून एक खोली लावून ठेवेल.

खाणं निघण्याच्या चार-पाच तास आधी, थोडंच. पिल्लाला तीन तास पुरे. पाणी निघेपर्यंत. पिंजऱ्यात खाली जुनं वर्तमानपत्र, वर लघवी शोषणारा पॅड, त्यावर त्यांचं अंथरूण. पॅड एक जादा हाताशी.

घाटवाट
सातारा-कराड-पेठ नाका-आष्टा-सांगली, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत घाट नाही, म्हणजे वळणांमुळे होणारी ओकारी कमी. मे महिना आहे तेव्हा पहाटे पाचला निघा आणि ऊन चढायच्या आत पोचा. सांगलीत दुपारी पारा ४० च्या आसपास असतो. टेम्पो दुपारी निघणार असेल तर मांजरं आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे न्या, टेम्पोबरोबरच नेली पाहिजेत असं नाही.

पिंजरे मागच्या सीटवर, पट्टा पिंजऱ्याभोवतून घेऊन आवळलेले, किंवा पुढच्या सीटच्या मागे पायाशी घट्ट बसवलेले. डिकीत नको. वर पातळ सुती ओढणी टाका, एक बाजू हवेला उघडी. एसीचा झोत थेट नको. तासवडे टोल नाक्यावर हॉर्न आणि ट्रकचा आवाज असतो, तिथे काचा वरच ठेवा. चहाला थांबलात तर एकाने गाडीत एसी चालू ठेवून बसायचं. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. मांजर तोंड उघडं ठेवून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर ते ऊन लागल्याचं किंवा जबर भीतीचं लक्षण आहे. गाडी सावलीत घ्या, एसी वाढवा, पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करा. बर्फ नको.

कितीही ओरडलं तरी गाडीत पिंजरा उघडायचा नाही. मांडीवर घेतलेलं मांजर ब्रेकच्या पेडलखाली जातं.

औषधडबा
डोसाचं : स्वतःच्या मनाने काहीही देऊ नका. माणसाची झोपेची गोळी नाही, आणि पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीने मांजर मरतं. फार घाबरणाऱ्या मांजराला डॉक्टर प्रवासाआधी दोन-तीन तास गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध देतात. मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच सांगायची. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत गॅबापेंटिनसोबत नॉरट्रिप्टिलिन किंवा मिथिलकोबालामिन असतं. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचा. नुसतं गॅबापेंटिन लिहिलेलं असेल तेच, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. आठवडाभर आधी घरी एकदा देऊन पाहा. पाय लटपटतात, म्हणून पुढचे आठ-दहा तास उंचावर चढू देऊ नका. ओकारी येणाऱ्या मांजराला मॅरोपिटंट हे वेगळं औषध असतं, तेही विचारून.

त्याच भेटीत रेबीज आणि तिहेरी लस बघून घ्या. बाकी असेल तर हलण्याच्या तीन आठवडे आधी. फाइलची झेरॉक्स आणि सांगलीतल्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेवा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) करायची असेल तर हीच वेळ. गळपट्टा झटक्याने सुटणाऱ्या क्लिपचा, त्यावर मोबाइल नंबर.

भडंग
आता नवं घर. सगळं घर एकदम दाखवायचं नाही. एकच खोली. स्वयंपाकघर नको, रस्त्याकडची नको. आतली झोपायची खोली उत्तम. तुमची मोठी दोघं एकमेकांजवळ झोपत असतील तर तिघांना एकच खोली चालेल, नाहीतर पिल्लू वेगळं.

खोलीत काय हवं : दोन ट्रे एका कोपऱ्यात, खाणं त्याच्यापासून लांब समोरच्या भिंतीला, पाणी तिसरीकडे. लपायला आडवं पडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, वर चढायला एखादं स्टूल किंवा कपाट. पलंगाखाली शिरता आलं तरी हरकत नाही, फक्त पलीकडे हात पोचला पाहिजे. ट्रे मांजराच्या दीडपट लांबीचा हवा. बाजारातले बहुतेक लहान असतात, त्यापेक्षा सिमेंट कालवायचं प्लॅस्टिकचं मोठं घमेलं स्वस्त आणि मस्त. ट्रेमधली माती (लिटर) दोन-अडीच इंच. जुन्या घरातली वापरलेली माती दोन मुठी पिशवीत आणा आणि नव्या मातीत मिसळा, म्हणजे जागा ओळखायला वेळ लागत नाही. मातीचा प्रकार सध्या बदलू नका. पूर्ण घर खुलं झाल्यावर तीन मांजरांना चार ट्रे.

पाणीसुद्धा. चव बदलली की काही मांजरं पाणी सोडतात, आणि मे महिन्यात ते परवडणारं नाही. साताऱ्याचं पाच लिटर पाणी कॅनमध्ये भरून न्या. पहिले दोन दिवस तेच, मग अर्धं अर्धं.

पिंजरे खोलीत ठेवून दार उघडा आणि बाजूला व्हा. ओढून बाहेर काढू नका. काही तासांनी येतील, काही रात्री येतील. पहिली रात्र कुणीतरी त्याच खोलीत झोपावं.

कृष्णाकाठ
कंदीपेढा ताई, एक भर. खाणं बदलू नका, आणि दूध-पोळी, सुकट असं काही लाड म्हणून वाढवू नका. ताणात पोट आधीच बिघडलेलं असतं, वर दूध पडलं की जुलाब. थोडं थोडं तीन-चार वेळा द्या. ठरलेल्या वेळा पाळल्या की मांजर त्या वेळांच्या आधाराने सावरतं.

औषधडबा
लपणं, कमी खाणं, एखाद-दोन दिवस चालतं. काय चालत नाही ते सांगतो.

२४ तास तोंडाला काहीच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन. ४८ तासांच्या पुढे थांबूच नका. जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बसतं.

बोक्याकडे विशेष लक्ष. ताणाने मूत्राशयाला सूज येते. ट्रेमध्ये परत परत जातो, जोर करतो, थेंबभर होते किंवा होतच नाही, ओरडतो, चाटत बसतो, तर मूत्रमार्ग तुंबला आहे. नसबंदी झालेल्या बोक्यालाही होतं. याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसणारे लोक आहेत. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असेल तर रात्रीच न्या. म्हणून पहिले चार दिवस ट्रेमधले लघवीने झालेले मातीचे ओले गोळे मोजा, आणि शक्य असेल तर एक रात्र बोक्याचा ट्रे वेगळा ठेवा.

आठवड्याभराने शिंका, डोळ्यांत पाणी आलं तर पूर्वीचा सर्दीचा विषाणू ताणाने डोकं वर काढतो आहे. डोळा चिकटला किंवा खाणं सुटलं तर दाखवा.

कंदीपेढा
दुसरी खोली कधी उघडायची? आणि खिडकीत बाहेरचा बोका येऊन बसला तर?

भडंग
दिवस मोजू नका, लक्षणं बघा. नीट खातंय, ट्रे वापरतंय, शेपटी वर करून फिरतंय, खोलीतल्या वस्तूंना गाल घासतंय, तर पुढची खोली. पिल्लू एका दिवसात तयार होईल, मोठ्यांना तीन ते सात दिवस धरा. एका वेळी एकच खोली, संध्याकाळी घर शांत झाल्यावर. पहिल्या खोलीचं दार कायम उघडं, तिथला ट्रे निदान दोन आठवडे हलवू नका.

तिसऱ्या मजल्यावर बाहेरचा बोका क्वचित, पण समोरच्या गच्चीवर दिसू शकतो. तो हाताला लागत नाही म्हणून आतली दोघं एकमेकांवर तुटून पडतात. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला बटर पेपर लावा, उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही. भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका, उशी किंवा पुठ्ठा सरकवा, वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि वासाच्या फडक्यांपासून पुन्हा सुरुवात करा.

कासपठार
अंगणात राहिलेली मांजरं तिसऱ्या मजल्यावर आली की भिंती ओरबाडतात, दाराशी ओरडतात. त्यांना काम द्या. तीन फूट उंच खांब, आठ मिलिमीटरचा काथ्या घट्ट गुंडाळलेला, बूड जड. डगमगणारा खांब मांजर वापरत नाही. खिडकीपाशी दहा इंच रुंद फळी. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीचा खेळ, दिवसातून दोनदा. आणि कुंडीत गहू पेरा, आठ-दहा दिवसांत चरायला गवत. मनी प्लांट आणि डिफनबेकिया मात्र मांजरांच्या आवाक्याबाहेर टांगा, चावलं की तोंड सुजतं.

कृष्णाकाठ
विश्रामबाग उंचावर आहे, पण हा धागा नदीकाठच्या गावभागातले लोकही वाचतील म्हणून लिहिते. पुराचं स्थलांतर म्हणजे पाच आठवड्यांचं काम पाच तासांत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैतही धोक्याच्या बरंच वर होतं. मांजरवाल्या घरांनी ४० ची वाट बघू नये. ३० ला पिंजरे माळ्यावरून खाली काढून उघडे ठेवा, ३५ ला मांजरं एका खोलीत बंद करा. लोक सामान वर चढवायला लागले, आवाज सुरू झाला की मांजर गायब होतं आणि बोट दारात आल्यावर सापडत नाही. पिंजरा नसेल तर उशीचा जाड अभ्रा, तोंड बांधून. प्लॅस्टिकच्या पोत्यात घालू नका, आत गुदमरतं.

पूर ओसरल्यावर घरी परत नेणं हे नवं घर लावण्यासारखंच. गाळ आणि ब्लीचिंग पावडरीने त्यांचा सगळा वास गेलेला असतो. घर धुऊन, पूर्ण वाळून, ब्लीचिंगचा वास गेल्यावरच न्या, आणि पुन्हा एका खोलीपासून.

चिंचबन
आमचं हलणं मिरजेतच, दीड किलोमीटरवर. भाटीला तीन आठवड्यांची पिल्लं आहेत. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, मग हलवायला हरकत नाही ना?

हळदपेठ
ती स्वतः फिरवते ते वेगळं, आपण नेतो ते वेगळं. जमलं तर पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबा. नाहीच जमलं तर भाटी आणि पिल्लं एकाच मोठ्या पिंजऱ्यात, त्यांच्याच अंथरुणावर, आणि नव्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी दोन-तीन ठिकाणी मांडा. भाटी पिल्लं इकडून तिकडे नेईलच, तिला निवडू द्या. कपाट आणि दिवाण मात्र बंद ठेवा.

दीड किलोमीटर हे सव्वाशे किलोमीटरपेक्षा अवघड आहे. सांगलीहून साताऱ्याला मांजर सहसा परत जात नाही, मिरजेतल्या मिरजेत जातं. चार आठवडे घरात, सहा झाले तर बरं. जुन्या घरी येणाऱ्या भाडेकरूला आणि शेजाऱ्यांना मांजराचा फोटो देऊन सांगा : खायला घालू नका, फक्त फोन करा. गेलीच तर पिंजऱ्यातून आणा आणि पुन्हा दोन आठवडे आत.

पहिल्यांदा बाहेर सोडाल ते सकाळच्या जेवणाआधी, पोट रिकामं असताना. दार उघडं ठेवून तुम्ही उंबऱ्यात बसा. दहा मिनिटांनी ताटली वाजवा. आत आली की लगेच खायला घाला आणि दार लावा. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं.